शिफ्ट सांभाळून इंजिनिअरिंगची पदवी: हिशेब दिवसाचा नको, तीन आठवड्यांचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलास, आता तिसऱ्या वर्षाला आहेस. शिकाऊ उमेदवारी पदवीतच गुंफलेली आहे, त्यामुळे सोमवार ते गुरुवार बुटीबोरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आणि शुक्रवार-शनिवार नागपूरच्या बाजूला कॉलेज. घर समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून आत. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय, हीट ट्रान्सफरच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ६ मिळाले. घरी सोयाबीन-कपाशीचं वावर आहे आणि हंगामात तुझ्याशिवाय चालत नाही. विचारतोस की दिवसाला किती तास अभ्यास केला म्हणजे निभेल, की कारखाना सोडून नुसतं कॉलेज करावं.

सोडण्याचं शेवटी बोलू. पण ‘दिवसाला किती तास’ हा प्रश्न जनरल शिफ्टवाल्याचा आहे. ज्याची झोपच दर आठवड्याला जागा बदलते त्याने रोजचे दोन तास ठरवले की पहिल्या रात्रपाळीतच ते मोडतात. एकदा मोडले की ‘आपल्याकडून होत नाही’ असं वाटायला लागतं आणि पुढचे दोन चांगले आठवडेही त्यातच जातात. शिकाऊ पोरं मागे पडतात ती बहुतेक वेळा अशी. वेळ कमी असतो हे खरंच, पण त्याहून जास्त नुकसान चुकीच्या आठवड्यात चुकीचा विषय हाती घेतल्याने होतं.

आधी वेळेचा रोखठोक हिशेब. आठवड्याचे १६८ तास. सात तासांची झोप धरली तर ४९. कारखाना चार दिवस, साडेआठ तास धरून ३४. कॉलेज दोन दिवस, १४. आंघोळ, जेवण, घरची बारीकसारीक कामं रोज तीन तास, म्हणजे २१. आणि प्रवास: घर ते कारखाना जाऊन-येऊन अडीच तास, चार दिवस म्हणजे १०, कॉलेजला जाऊन-येऊन साडेतीन, दोन दिवस म्हणजे ७. बेरीज १३५. उरतात ३३ तास. कागदावर ३३ दिसतात, पण त्यातले निम्मे पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत असतात. त्यात सूत्रं पाठ होतील, न्यूमरिकल होणार नाही. सलग बसून अभ्यास होईल असे १४-१५ तास हाताशी आहेत असं समज. पाच विषयांना ते पुरतात. पुरत नाहीत ते फक्त वाया घालवण्याइतके.

यात सगळ्यात जाड आकडा कापता येतो तो प्रवासाचा. बुटीबोरीतच तिघांत मिळून रूम घेतलीस तर १७ तासांचे साधारण ७ होतात. दहा तास सुटले, आणि तेही आठवड्याला. पैशाचा हिशेबही करून बघ. रोजची ८० किलोमीटर मोटरसायकल, लिटरला ५० चं अॅव्हरेज आणि १०५ रुपयांचा भाव धरला तर दिवसाला १६८ रुपये फक्त पेट्रोल. कारखान्याचे महिन्याला १७ दिवस म्हणजे जवळपास २,८५० रुपये, टायर-ऑइल वेगळं. एवढ्यात तुझ्या वाटणीचं रूमभाडं बसत असेल तर विचार करण्यासारखं काही उरत नाही. बसत नसेल, किंवा आईबाबांकडे रात्री कोणी हवंच असेल, तर निदान रात्रपाळीचा आठवडा मित्राच्या रूमवर काढ. एप्रिल-मेमध्ये तर हे करच. टिनाच्या खोलीत सकाळी साडेआठला झोपलेला माणूस बारा वाजता घामाने उठतो, आणि तेवढ्या झोपेवर रात्री पुन्हा मशीनजवळ जाणं हा अभ्यासाचा नाही, हातापायाचा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझी शिफ्ट पहिली, दुसरी, रात्र अशी फिरते, म्हणजे तीन आठवड्यांचं एक चक्र. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर पाच चक्रं होतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बहुतेक विषयांत पाच-सहा युनिटचा असतो. म्हणजे एका चक्रात प्रत्येक विषयाचं एक युनिट, एवढंच लक्ष्य ठेवायचं. सहावं युनिट असेल तर ते सोप्यातल्या एखाद्याला जोडून टाकायचं. चक्राच्या आत कोणतं काम कुठे टाकायचं हे शिफ्ट ठरवते.

दुसरी शिफ्ट, दुपारी दोन ते रात्री दहा, हा तुझा सोन्याचा आठवडा. पोरं हाच आठवडा झोपण्यात घालवतात. रात्री साडेअकराला घरी पोचलास, बाराला झोपलास, तर सातला उठून साडेसात ते साडेअकरा हातात येतात. मध्ये अर्धा तास चहा-नाश्ता धरला तरी साडेतीन तास सलग, चार दिवस, म्हणजे १४ तास. गणित, हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन, जिथे डोकं ताजं लागतं आणि एक न्यूमरिकल चाळीस मिनिटं खातं, ते सगळं इथे. नवं युनिट याच आठवड्यात उघडायचं. अडचण एकच: दहाला सुटल्यावर जामपर्यंत गाडी मिळते, तिथून आत गावाला मिळेलच असं नाही. कंपनीची बस कुठपर्यंत सोडते ते टाइम ऑफिसला विचारून ठेव आणि चौरस्त्यावर मोटरसायकल लावायची ओळखीची जागा बघ.

पहिली शिफ्ट, सहा ते दोन. चारला उठणं, साडेतीनला घरी. इथे चूक होते ती दुपारच्या झोपेची. जेवून आडवा झाला तो सहाला उठतो, मग रात्री अकरापर्यंत झोप नाही, पुन्हा चारला उठणं. तिसऱ्या दिवशी माणूस नुसता तारवटलेला. गजर लावून ३० मिनिटं, जास्त नाही. पाच ते साडेसात अभ्यास, नऊला दिवा बंद. या आठवड्यात नवं काही घेऊ नको. दुसऱ्या शिफ्टमध्ये जे समजलं त्याची उदाहरणं सोडवायची, जुन्या प्रश्नपत्रिकांतले त्याच युनिटचे प्रश्न हाताने लिहून काढायचे.

रात्रपाळीत नवं तर नाहीच, जुनंही फार नाही. जर्नल उतरवणं, ड्रॉइंग शीट, फाइल, थिअरीचं वाचन, दिवसाला तासभर. साडेसातला घरी, हलकं खाऊन साडेआठला झोप, खिडकीला जाड चादर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहाटे तीननंतर चहा नको. तो सकाळची झोप खातो. ड्युटीवरून सुटल्यावर डोळे जड असतील तर गेटच्या आत कँटीनमध्ये वीस मिनिटं मान टेकवून मगच गाडी काढ. सकाळी सहा-सातला त्या हायवेवर ट्रकवालेही रात्रभर जागलेलेच असतात. आणि पहाटे तीन ते पाच या वेळात चालू मशीनच्या कपलिंगजवळ, पट्ट्याजवळ एकट्याने हात घालायचा नाही. कामाची लेखी परवानगी (परमिट) नसेल, स्विचला कुलूप नसेल तर पंपाला हात लावणार नाही असं सरळ सांगायचं. शिकाऊ पोराने असं म्हटलं म्हणून शहाणा फोरमन रागावत नाही.

तुझ्या वेळापत्रकात एक मोठं भोक आहे, ते तू लिहिलं नाहीस पण असणारच. सोमवार ते गुरुवार रात्रपाळी म्हणजे गुरुवारची ड्युटी शुक्रवारी सकाळी सहाला संपते, आणि दहाला कॉलेज. म्हणजे दर तिसऱ्या शुक्रवारी तू वर्गात एकतर नसतोस किंवा असून नसतोस. यावर उपाय असा: रात्रपाळीच्या आठवड्यात ड्युटी रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार रात्र अशी लावून घ्यायची. गुरुवारी सकाळी सुटलास, दिवसभर झोप काढलीस, शुक्रवारी ताजा. त्यानंतर सोमवारची पहिली शिफ्ट येईपर्यंत शरीरही वळणावर येतं. रविवारची संध्याकाळ जाते, पण तीन आठवड्यांतून एकदाच.

हे तोंडी मागू नको. शिफ्ट इन्चार्ज ‘बघू’ म्हणतो आणि चार्ट लावताना विसरतो, त्यात त्याचा दोष नाही. चार ओळींचा अर्ज दे, एक प्रत टाइम ऑफिसला: ‘मी शिकाऊ उमेदवार, करार क्रमांक अमुक. शुक्रवार व शनिवारी माझे वर्ग व प्रात्यक्षिके असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात माझी ड्युटी रविवार ते बुधवार रात्री लावावी. ड्युट्यांची संख्या तीच राहते. कॉलेजचे वेळापत्रक व परीक्षेच्या संभाव्य तारखा सोबत जोडल्या आहेत.’ यातलं ‘संख्या तीच राहते’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. इन्चार्जला तुझ्या पदवीची काळजी नसते, त्याला माणूस कमी पडायला नको असतो. परीक्षेच्या तारखा नक्की झाल्या नसल्या तरी कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरमधला अंदाज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात देऊन ठेव. हिवाळी परीक्षेच्या सुमारास कारखान्यात शटडाउन, म्हणजे मशीन बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती, निघालं तर तेव्हा सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होतात. आधी दिलेला कागद त्या वेळी कामी येतो. पेपरच्या आदल्या रात्री नाइट नको, त्यासाठी कोणाशी तरी अदलाबदल करावी लागेल. तीही दोघांच्या सहीने लिहून.

हजेरीचा हिशेब वेगळा समजून घे, कारण यात भले भले फसतात. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. तू म्हणशील, आठवड्याचे दोन दिवस, १५ आठवड्यांचे ३० दिवस, सात दिवस बुडवायला मोकळे. तसं नाही. हजेरी विषयवार धरतात. हीट ट्रान्सफरचं प्रॅक्टिकल फक्त शुक्रवारी असेल तर सत्रात ते १५ वेळाच होणार. चार शुक्रवार गेले की १५ पैकी ११, म्हणजे ७३ टक्के, आणि तू कमी हजेरीच्या यादीत. म्हणजे तुला खरी सवलत तीन शुक्रवारांची आहे. आणि रात्रपाळीनंतरचे पाच शुक्रवार तर वर म्हटल्याप्रमाणे आपोआपच धोक्यात आहेत. हा एक आकडा समजला तरी त्या अर्जाची घाई कळेल. महाविद्यालयं कधी कधी कारखान्याचं पत्र आणलं तर सांभाळून घेतात, पण ते प्राचार्यांवर आणि विद्यापीठाच्या नियमावर आहे. त्यावर भिस्त ठेवू नको.

आता ज्याकडे तुझ्यासारख्यांचं अजिबात लक्ष नसतं ते. कारखाना आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी समजून तू दोन्हीकडे ओढला जातोयस. मेंटेनन्सला असणं ही मेकॅनिकलच्या पोराला मिळालेली फार मोठी सोय आहे. मशीन डिझाइन, फ्लुइड, हीट ट्रान्सफर, तिन्ही तुझ्यासमोर रोज चालू असतात. फक्त तिथला आकडा वहीत येत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समज, एका पाण्याच्या पंपाचं बेअरिंग दर दोन महिन्यांनी जातं. फिटर नवं बसवतो, तू पाना देतोस, लॉगबुकात लिहितोस ‘पंपाचे बेअरिंग बदलले’. या वाक्याला परीक्षक शून्य मार्क देईल आणि बरोबर करेल. आता बेअरिंगवरचा नंबर बघ. ६३०८. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुण: ८ गुणिले ५, शाफ्ट ४० मिलिमीटरचा. या बेअरिंगची डायनॅमिक क्षमता, म्हणजे फिरताना भार पेलायची ताकद, कंपनीगणिक थोडी बदलते, पण साधारण ४० किलोन्यूटन धर. पंपाच्या हिशेबाने त्यावर येणारा भार समज ४ किलोन्यूटन. बॉल बेअरिंगचं आयुष्य म्हणजे क्षमता भागिले भार, त्याचा घन, दशलक्ष फेऱ्यांत. ४० भागिले ४ म्हणजे १०, त्याचा घन १,०००, म्हणजे शंभर कोटी फेरे. पंप मिनिटाला १,४५० फेऱ्यांनी फिरतो, तासाला ८७,०००. भागाकार केला की साधारण ११,५०० तास. चोवीस तास चालला तरी सोळा महिने, आणि शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढं तरी टिकायला हवीत असा त्याचा अर्थ.

मग दोन महिन्यांत का जातं? भार दुप्पट झाला तर घनामुळे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. ११,५०० चे आठ भाग केले की सुमारे १,४४० तास, म्हणजे साठ दिवस. तुझे दोन महिने. याचा अर्थ भार दुप्पटच झालाय असं सिद्ध होत नाही, पण कुठे बघायचं ते कळलं. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं, हललं की बेअरिंगवर पंपाच्या हिशेबात नसलेला भार येतो. आता जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघ. बाहेरच्या रिंगवरचा बॉलचा माग तिरका असेल तर अलाइनमेंट. गंज असेल तर ग्लँडमधून पाणी जातंय. निळसर-तपकिरी रंग असेल तर उष्णता. ग्रीस संपलं, किंवा उलट बेअरिंगचं घर ग्रीसने गच्च भरल्यामुळे घुसळून तापलं. आणि बॉलच्या अंतराएवढ्या अंतरावर सारखे खड्डे दिसले तर कोणीतरी बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून बसवलंय. नवं बसवताना डायल गेज लावून अलाइनमेंटचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिही.

एवढं केलंस की बेअरिंगचं आयुष्य हा मशीन डिझाइनचा भाग पुन्हा पाठ करायला लागत नाही, लॉगबुकातली दोन पानं भरतात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय हातात येतो. तीन कामं, एकच मेहनत.

हीट ट्रान्सफरचंही तसंच. कुठल्याही हायड्रॉलिक पॅकला किंवा कॉम्प्रेसरला ऑइल कूलर असतो. चार तापमानं घे. तेल आत ६०, बाहेर ४८. पाणी आत ३२, बाहेर ३८, समज. उलट दिशेचा प्रवाह असेल तर एका टोकाला फरक ६० वजा ३८ म्हणजे २२, दुसऱ्या टोकाला ४८ वजा ३२ म्हणजे १६. एलएमटीडी, म्हणजे तापमानातल्या फरकाची लॉगरिदमने काढलेली सरासरी, येतो सहा भागिले २२/१६ चा नॅचरल लॉग, सुमारे १८.८ अंश. पुस्तकातलं उदाहरण आणि हे उदाहरण यात काहीच फरक नाही, फक्त हे विसरत नाही. तेलाचा प्रवाह तसाच असेल आणि दर आठवड्याला हीच चार रीडिंग घेतलीस तर ट्यूबमध्ये क्षार साचताना कूलरची उष्णता ओढायची ताकद कशी घसरते ते तक्त्यात दिसेल. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात ते दिसायला वर्ष लागत नाही. एक काळजी: इन्फ्रारेड गनने चकचकीत पाइपचं तापमान कमी दाखवलं जातं. पाइपवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धर.

लॉगबुक रोज ड्युटी संपायच्या शेवटच्या दहा मिनिटांत लिहायचं. मशीन कोणतं, लक्षण काय, मोजलं काय आणि कोणत्या एककात, केलं काय, आणि कोणत्या विषयाला लागतं. पाच ओळी पुरे. सत्राच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही परीक्षकाला उघडताक्षणी कळते, आणि मग तोंडीत तो नेमकं एककच विचारतो. इंजिनिअरची सही दर आठवड्याला. सत्रअखेरीस साठ सह्या मागायला गेलास आणि साहेबाची बदली झालेली निघाली तर नवा माणूस जुन्या कामावर सही का करेल? फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नको, बहुतेक प्लांटमध्ये मोबाइलचा कॅमेराच चालत नाही. हाताने स्केच काढ. कंपनीचं ड्रॉइंग किंवा उत्पादनाचे आकडे रिपोर्टमध्ये टाकायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी शिकाऊला एकाच मशीनवर उभा करतात, कारण माणूस कमी असतो. तसं असेल तर लॉगबुकात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. सहा ते आठ आठवड्यांनी विभाग बदलून मिळावा असं ट्रेनिंग बघणाऱ्या अधिकाऱ्याला सांग: मेकॅनिकल मेंटेनन्स, युटिलिटी, टूलरूम, क्वालिटी. करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा असतो, तो तुझ्याकडे नसेल तर कॉलेजमधून मागून घे.

एम-थ्रीबद्दल. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा एम-थ्री राहतो तो बहुधा एम-थ्रीमुळे राहत नाही. पहिल्या वर्षाचं गणित तुमचं झालेलंच नसतं, आणि लाप्लास रूपांतर समोर आलं की गाडी लाप्लासला अडत नाही, त्याचं उलटं (इन्व्हर्स) रूपांतर करताना लागणाऱ्या पार्शल फ्रॅक्शनला अडते. म्हणून पहिल्या चक्रात एम-थ्रीचं पुस्तक उघडूच नको. पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि दुसऱ्या क्रमाची लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन, तिचा सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन) आणि पीआय (पार्टिक्युलर इंटिग्रल). हे तीन विषय घे, प्रत्येकी तीस-चाळीस उदाहरणं. दुसऱ्या चक्रात लाप्लास, कारण ते ठोकळेबाज आहे आणि मार्क देतं. पुढे फुरिये, मग पार्शल डिफरन्शियल इक्वेशन. शेवटचं चक्र जुन्या प्रश्नपत्रिकांना. सगळी युनिट करायचा हट्ट नको, हा पेपर सुटायचा आहे. प्रश्नपत्रिकेत पर्याय कसे असतात ते बघून एक युनिट सोडता येतं का ते ठरव. आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. कॉलेजला आठवड्यातून दोनच दिवस जाणाऱ्यांचा फॉर्म चुकतो, हे दरवर्षीचं आहे.

वावराचं. हे सल्ला देणाऱ्याला सोपं आणि करणाऱ्याला अवघड, हे मान्य. सोयाबीनची सोंगणी आणि थ्रेशर दसऱ्याच्या आगेमागे, मग कपाशीची वेचणी, मग हरभऱ्याचं ओलित. नेमकं याच काळात चाचण्या, सबमिशन आणि हिवाळी परीक्षा. ‘वेळ मिळाला की येतो’ असं घरी सांगू नको. त्याने रोज बोलावणं येतं आणि रोज नाही म्हणावं लागतं. ठरलेलं दे: रविवारी सकाळी सहा ते अकरा तू वावरात, त्यानंतर नाही. सोंगणीच्या आठवड्यात सुट्टी घ्यायचीच झाली तर कारखान्याची घे, कॉलेजची नको. कारखान्याची सुट्टी तिथल्या नियमाने मिळते आणि भरून निघते, शुक्रवारचं प्रॅक्टिकल भरून निघत नाही.

सगळ्यात जास्त झोप मोडते ती ओलिताने. शेतीची विजेची लाइन रात्रीची असली की दोन वाजता मोटर चालू करायला, बाऱ्या बदलायला तरणा पोरगा म्हणून तुलाच उठवणार. लाइन कोणत्या आठवड्यात रात्रीची आहे हे आधी कळतं. ती आणि तुझी पहिली शिफ्ट एकाच आठवड्यात आली तर त्या आठवड्यापुरतं बाबांशी आधीच बोलून घे. शेजारच्या वावरवाल्याशी आळीपाळीने करता येतं का बघ. दुसरी शिफ्ट असताना तू जा, तेव्हा सकाळची दोन तासांची झोप वाढवता येते.

थोडं कायद्याचं, कारण शिकाऊ पोरांना हे कोणी सांगत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. कामाचे तास कारखाना ठरवतो, पण शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून डबल ड्युटी कर, असं कोणी म्हटलं तर नम्रपणे हेच सांग. ‘नाही म्हटलं तर पर्मनंट करणार नाहीत’ ही भीती बाळगून पोरं डबल मारतात. करारात तसं काही लिहिलेलं नसेल तर शिकाऊंना नोकरीवर घ्यायचं धोरण कारखाना स्वतःच ठरवतो, हेही त्याच कायद्यात आहे. डबल ड्युटीने नोकरी मिळत नाही. पंपाचं बेअरिंग का जातं हे सांगता आलं तर निदान मुलाखतीत बोलायला काही असतं. स्टायपेंडचा किमान दर २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीच्या शिकाऊंसाठी महिना ९,००० रुपये ठरला होता. तुझ्या करारात त्याहून कमी आकडा दिसत असेल तर कॉलेजला दाखव.

कारखाना सोडण्याबद्दल. तुझ्या अभ्यासक्रमात उमेदवारीला क्रेडिट आहेत, त्यामुळे ती सोडली की हलकं व्हायच्या ऐवजी सत्रच अडकू शकतं. करार असा मधेच जाणं बंद करून संपत नाही. तो रीतसर संपवावा लागतो आणि कसूर तुझ्याकडून ठरली तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायची वेळ येऊ शकते. म्हणून मी आत्ता सोड म्हणणार नाही. एक पूर्ण चक्र, तीन आठवडे, रविवार ते बुधवारची नाइट लावून घेऊन असं चालवून बघ. ड्युटीचा बदल कारखाना लेखी नाकारत असेल, डबल थांबत नसेल, किंवा विभाग मिळतच नसेल, तर क्रम असा: आधी कॉलेजचा ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकारी, कारण करारात कॉलेजही गुंतलेलं असतं, त्याच्याकडून झालं नाही तर मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ, पश्चिम विभाग. दुसऱ्या कारखान्यात उमेदवारी हलवणं हा मार्गही त्यांच्यामार्फतच जातो. तक्रार करताना दिलेल्या अर्जांच्या पोच-सह्या, ड्युटी चार्टची नक्कल आणि लॉगबुक सोबत ने. यातलं काहीच नसेल तर तिथे नुसतं तुझं म्हणणं उरतं.